पुनर्दर्शनाची कैफियत

गेल्या काही वर्षांत, आणि विशेषेकरून 2020 सालच्या त्या दाराआड काढलेल्या उन्हाळ्यापासून, दूरचित्रवाणीवर जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या जातात आणि असंख्य माणसे त्या ठरल्या वेळी संचासमोर बसून मन लावून पाहतात, या गोष्टीविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत जो सूर ऐकू येतो तो आरंभी करुणेचा असतो आणि थोड्याच वेळात निदानाचा होतो. या प्रेक्षकाला म्हणे भूतकाळाचे वेड लागलेले आहे. नवे समजून घेण्याची त्याची उमेद सरलेली आहे. जे ठाऊक आहे त्याच्याच उबेत पडून राहण्यात त्याला सुख वाटते. आणि ज्या काळी कोणतीही मालिका कोणत्याही क्षणी मोबाईलवर हजर होते, त्या काळी वाहिनीने नेमून दिलेल्या घटकेची वाट पाहणे हा तर निव्वळ अडाणीपणा आहे. ही फिर्याद मी इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे की, तिला रीतसर जबाब देणे मला आता कर्तव्य वाटू लागले आहे; कारण तीत एका मोठ्या प्रेक्षकवर्गाची अवहेलना तर आहेच, पण पाहणे म्हणजे काय, याविषयीची एक मूलभूत चूकही आहे.

माझ्यापुरता या वादाचा प्रारंभ घरातच झाला. माझा भाचा पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे; टाळेबंदी झाली तेव्हा तो तिकडे आणि मी मिरजेत, म्हणून आमचे बोलणे फोनवरच चाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्याचा फोन आला असता, ‘नऊ वाजत आले, रामायण लागेल, उद्या सावकाश बोलू,’ असे मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, अहो ती अख्खी सिरीयल मोबाईलवर पडलीय. जाहिराती नाहीत, हवा तो एपिसोड, हवा तेव्हा. तुम्ही नऊ वाजायची वाट कशाला बघत बसता?’ त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता. मामाचा त्रास वाचावा एवढीच कळकळ होती. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि तोपर्यंत नऊ वाजले होते. ते राहून गेलेले उत्तर मी येथे लिहीत आहे.

वस्तुस्थिती आधी नमूद केली पाहिजे. 24 मार्च 2020 च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. लोकांची मागणी आहे असे सांगून त्या वेळचे माहिती आणि प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी 27 मार्चला पुनःप्रक्षेपणाची घोषणा केली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर सुरू झाले. मूळची ही 78 भागांची मालिका 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी दाखवली गेली होती; आता ती रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला लागू लागली. तिच्यापाठोपाठ बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले, बासू चॅटर्जी यांचा ‘ब्योमकेश बक्षी’ आला, ‘बुनियाद’ आणि ‘चाणक्य’ आले, आणि 13 एप्रिलला जुन्या कार्यक्रमांसाठी ‘डीडी रेट्रो’ नावाची एक स्वतंत्र वाहिनीच निघाली. ‘रामायणा’चा 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम होय, असे दूरदर्शनने पुढे जाहीर केले. हा विक्रमाचा दावा मला मान्य नाही. अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेचा अखेरचा भाग 28 फेब्रुवारी 1983 रोजी दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याची नोंद आहे, आणि आपली बाजू खरी असता तिला खोट्या मानपत्राची शोभा चढवू पाहणे म्हणजे ती बाजू दुबळी करणे होय. पण विक्रमाची बात बाजूला ठेवली तरी कोट्यवधी माणसे एका घटकेला एका जुन्या गोष्टीसमोर बसली, हे उरतेच. आणि एवढ्या माणसांना एकदम आळसाचा झटका आला, असे म्हणणाऱ्यावरच पुराव्याची जबाबदारी येते.

तो पुरावा म्हणून पहिला शब्द पुढे केला जातो तो ‘स्मरणरंजन’ हा. जुनी मालिका पाहणारा आपले बालपण पाहत असतो, मालिका हे केवळ निमित्त, असा त्याचा आशय. काहींच्या बाबतीत हे खरे असेल, आणि खरे असले तरी त्यात लाजण्यासारखे मला काही दिसत नाही. परंतु हा शब्द सरसकट लावणाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात घराघरांत संचासमोर बसलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांचा हिशेब कसा मांडला? त्यांना 1987 ची आठवण असणे शक्य नव्हते. त्यांच्या लेखी हनुमान प्रथमच समुद्र ओलांडत होता. आणि माझाच दाखला द्यायचा तर 1987 साली आमच्या घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे रविवारी सकाळी इतकी गर्दी होई की, आम्ही पोरे बाहेर अंगणात उभे राहून खिडकीतून पाहत असू, आणि माझी उंची बेताची असल्यामुळे पडद्याचा वरचा अर्धा भागच काय तो माझ्या वाट्यास येई. माझ्या स्मृतीत रामायण नव्हते. खिडकीचे गज होते. तेहतीस वर्षांनी मी ती मालिका स्वतःच्या घरात, आरंभापासून शेवटपर्यंत, पूर्ण पडद्यावर पाहिली. तेव्हा ज्याला पुनर्दर्शन म्हणतात ते माझ्यासाठी प्रथमदर्शनच होते, आणि माझ्यासारखी माणसे या देशात थोडीथोडकी नसतील, कारण त्या काळी संच असलेल्या घरांपेक्षा खिडक्यांबाहेर उभी राहणारी माणसेच अधिक होती.

दुसरा आक्षेप याहून गंभीर दिसतो. गोष्ट ठाऊक असताना ती पुन्हा पाहण्यात बुद्धीला कोणता व्यायाम घडतो, असा तो प्रश्न आहे. हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचे मला मनस्वी दुःख होते, कारण आपली सगळी श्रवणसंस्कृती ठाऊक असलेल्या गोष्टीवरच उभी आहे. रुक्मिणीस्वयंवराच्या कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांपैकी श्रीकृष्ण रुक्मिणीला नेतो की नाही याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो; बुवा पूर्वरंगात निरूपणाचा अभंग कसा सोडवतात आणि उत्तररंगात आख्यान कोठे वळवतात, हे ऐकण्यासाठी माणसे मांडी घालून बसतात. चातुर्मासात ज्या घरी श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागतो, तेथे ती पोथी गेल्या वर्षीही लागलेली असते आणि त्याच्या आदल्या वर्षीही. संगीत नाटकाच्या अमदानीत एकाच पदाला ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेणारा रसिक ते पद विसरला म्हणून मागत नसे. आणि प्रक्षेपणाचेच उदाहरण हवे असेल तर पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’चे घ्यावे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे एकेक गीत शुक्रवारी सकाळी प्रथम प्रसारित होई, आणि तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा लागे. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. रेडिओसमोर उदबत्ती लावून बसणाऱ्या त्या श्रोत्यांनी शनिवारी ‘हे तर कालचेच’ म्हणून खुंटी पिळून टाकली नाही. पुनरावृत्ती तेथे योजनेचाच भाग होती, कारण योजणाऱ्यांना पक्के माहीत होते की गीत पहिल्या दिवशी कानी पडते आणि तिसऱ्या दिवशी मनात उतरते.

पहिल्यांदा पाहताना ‘पुढे काय’ या प्रश्नाचा चाबूक पाठीवर असतो. तो नसला म्हणजे डोळा मोकळा होतो. नट, नटी, शब्द, सावली, थांबणे, वळणे यांवर तो हवा तितका वेळ ठरतो. हे मी कोणत्याही ग्रंथातून शिकलो नाही. आमच्या माळ्यावरच्या काकूंनी मला ते शिकवले, आणि तो प्रसंग जरा विस्ताराने सांगण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

आमची इमारत जुनी. एका माळ्यावर चार बिऱ्हाडे आणि चौघांत मिळून एक लांब गॅलरी. काकूंचे वय ऐंशीच्या आसपास, मुलगा दूर नोकरीला अडकलेला, त्या एकट्या. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा टीव्ही बंद पडला आणि दुरुस्तीची दुकाने तर बंदच. पहिल्या रात्री त्या भिंतीला कान लावून आमच्या संचाचा आवाज ऐकत होत्या, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यातून कळले, तेव्हा आम्ही संच दाराच्या रोखाने फिरवला, दार सताड उघडे टाकले, आणि त्या दिवसापासून काकू रात्री नऊला पाच मिनिटे असताना आपली घडीची खुर्ची गॅलरीत आमच्या उंबऱ्यापासून चार हातांवर मांडून, पदर नाकातोंडावरून घट्ट लपेटून बसू लागल्या. ‘भाऊ, आवाज जरा वाढवा हो,’ एवढे एक वाक्य रोजचे. जाहिराती लागल्या की, ‘दुधाखालचा गॅस बंद करून येते, सुरू झालं तर हाक मारा,’ हे दुसरे. त्या मध्यंतरात चारही घरांतले नळ एकदम वाहू लागत, भांडी वाजत, कोणाच्या तरी कुकरची उरलेली शिट्टी होई, समोरच्या इमारतीतून कोणीतरी कोणाला तरी ‘लागलं, लागलं’ म्हणून ओरडून सांगे, आणि पुन्हा सगळा परिसर एका आवाजावर स्थिर होई. ज्या जाहिरातींपासून माझा भाचा मला वाचवू पाहत होता, त्यांनीच आम्हा सगळ्यांना एकाच वेळी उठायला आणि एकाच वेळी परत बसायला लावले होते. आणि ज्या दिवसांत शेजाऱ्याच्या दारात उभे राहणेही धोक्याचे झाले होते, त्या दिवसांत एवढा सहवास सुद्धा आम्हांला मोठा होता.

कैकेयीच्या महालातला प्रसंग ज्या रात्री लागला, त्या रात्री काकू खुर्चीतून पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, ‘आता बघा हं, ललिताबाईंचा डोळा बघा.’ मी मंथरेचे बोलणे ऐकत होतो. त्यांनी सांगितल्यावर ललिता पवारांचा डोळा पाहू लागलो. 1942 साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने या गुणी अभिनेत्रीचा डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेच्या भूमिका संपल्या, आणि तेथून पुढे तिने खाष्ट सासवांच्या आणि कारस्थानी बायकांच्या भूमिकांत आपले नाव अजरामर केले, ही हकिगत मला माहीत होती. पण त्या डोळ्याचा उपयोग ती कसा करते हे मी कधी पाहिलेच नव्हते. विष शब्दांत कालवताना तो डोळा बारीक होतो आणि दुसरा तितकाच उघडा राहतो. एकाच चेहऱ्यावर एकीकडे हितचिंतक दासी आणि दुसरीकडे तिचा कावा, असे दोन पक्ष एकदम दिसू लागतात. दैवाने दिलेल्या व्यंगाचे इतके सूक्ष्म साधन करणारी कारागिरी कथेच्या धावेत कोणाला दिसणार? ती दिसली, कारण मंथरा कैकेयीला काय सांगणार आणि त्याचे पर्यवसान कशात होणार हे काकूंना ठाऊक होते, मलाही होते. पुढे कौसल्येच्या महालात दशरथ प्राण सोडतो तो भाग लागला, तेव्हा काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘धुरी आणि जयश्रीबाई खरे नवरा-बायको, ठाऊक आहे ना?’ बाळ धुरी आणि जयश्री गडकर यांचे ते नाते ज्याला माहीत आहे, आणि जयश्रीबाई 2008 साली निवर्तल्या हेही ज्याला माहीत आहे, त्याच्या डोळ्यांपुढचा प्रसंग 1987 सालच्या प्रेक्षकाने पाहिलेल्या प्रसंगाहून वेगळा असतो. फीत तीच; तिच्यावर मधल्या तेहतीस वर्षांचा एक थर चढलेला असतो, आणि तो थर वाचता येणे हा बुद्धीचा व्यायाम नसेल तर मग व्यायाम म्हणावे तरी कशाला?

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वादाचे मर्म तेथे आहे. मालिका मोबाईलवर आहे. मग वाहिनीने लावण्याची वाट का पाहावी? माझा पहिला जबाब अनुभवाचा आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या 53 भागांच्या मालिकेच्या तबकड्यांचा संच माझ्या कपाटात आहे. ज्यांनी मला तो भेट दिला त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि ती मालिका भारतीय दूरचित्रवाणीचे सर्वांत मोठे कार्य आहे, असे माझे मत आहे. तरीसुद्धा तो संच मी आजवर जेमतेम दोनदा उघडला आहे. पण वाहिनी चाळताना त्यातला एखादा भाग अवचित लागलेला दिसला की, तो कितवा आहे, किती होऊन गेला आहे, याचा विचार न करता मी बसतो आणि संपेपर्यंत उठत नाही. हा अनुभव मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांनी त्यांनी आपला तसाच अनुभव सांगितला. जे आपल्या पूर्ण ताब्यात आहे ते उद्याही असणार म्हणून आज पाहिले जात नाही. जे वाहत चालले आहे त्याच्याकडे मात्र मान वळते. सिलोन रेडिओवर सकाळी आठाला काही मिनिटे असताना सैगलचे गाणे लागे, तेव्हा ज्यांच्या घरी सैगलच्या तबकड्या होत्या तेही हातातला चहा खाली ठेवीत. घड्याळ न पाहता वेळ कळे ती निराळीच.

दुसरा जबाब मुखत्यारीचा. आज प्रत्येक माणसावर दिवसभर निवड करण्याची सक्ती आहे: हे की ते, आत्ता की मग, थांबू की पुढे सरकवू. मोबाईलवर तर एक भाग संपायच्या आत दुसरा दारात उभा राहतो आणि दशरथ गेल्याचे दुःख मनात उतरण्यापूर्वीच भरत आजोळाहून निघालेला असतो. वाहिनी ही मुखत्यारी काही काळापुरती आपल्याकडून काढून घेते. दुसऱ्याने ठरवलेली वेळ, दुसऱ्याने ठरवलेला भाग, मागे जाता येत नाही, पुढे पळता येत नाही, आणि भाग संपला की उद्यापर्यंत काही नाही. हे बंधन आहे, याविषयी वाद नाही. पण आरतीची वेळ, पंक्तीची वेळ, नाटकाची तिसरी घंटा ही सर्व बंधनेच आहेत, आणि त्यांच्यामुळेच माणूस हातातले काम टाकून एका जागी येतो. उद्याची वाट पाहण्यात जो चोवीस तासांचा अवकाश मिळतो, त्यात पाहिलेले मुरते. आमच्या गॅलरीत सकाळी दूध घेताना आदल्या रात्रीच्या भागावर जी चर्चा होई, ती सर्वांनी तेवढेच पाहिले होते म्हणून होई. एकाने दहा भाग पुढे जाऊन पाहिले असते आणि दुसरा तीन भाग मागे असता, तर त्यांनी परस्परांशी काय बोलावे?

या दिवसांतलीच एक गोष्ट अनेकांना आठवत असेल. रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी सीताहरणाचा भाग आपल्या घरी टीव्हीवर पाहत असताना हात जोडून बसले आहेत, अशी एक लहानशी चित्रफीत लोकांनी एकमेकांना पाठवली होती. वयोवृद्ध झालेला तो नट स्वतःच्याच पापासमोर हात जोडून बसला होता. ती मालिका त्यांना आपल्या घरी केव्हाही पाहता आली असती. पण त्या घटकेला कोट्यवधी माणसे तोच रावण पाहत होती, आणि त्या सर्वांबरोबर त्यांनीही तो पाहिला.

‘सगळे मोबाईलवर आहे’ या विधानात आणखी एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे मोबाईल सगळ्यांकडे आहे. 2020 च्या जुलैत शाळा बंद असताना महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम सह्याद्री वाहिनीवरून का सुरू करावा लागला, याचे स्मरण या मंडळींना मी करून देतो. घरात फोन एक, तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात, त्यातला डेटा महिन्याच्या मध्यावर संपलेला, अशी घरे या राज्यात अगणित आहेत. त्याच घरांच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची छोटी तबकडी दिसते, कारण ती एकदा बसवली की दरमहा काही भरावे लागत नाही. या प्रेक्षकाला वाहिनीने जे लावले ते हक्काने मिळते. त्याला पुनःप्रक्षेपण नको म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या ताटातले वाढप बंद करीत असतो.

चित्र अस्पष्ट असते, पडद्यामागचे नेपथ्य दिसून येते, बाणांचे युद्ध आज हास्यास्पद वाटते, या तक्रारीवर मी फार वेळ घालवणार नाही. दशावतारात एका पडद्यापुढे आणि एका बाकड्यावर स्वर्ग, पाताळ आणि राजसभा उभी राहते, आणि ती पाहताना कोकणातला माणूस रात्र जागवतो. तसेच ‘रामायणा’च्या मूळ प्रक्षेपणाचा त्या काळच्या राजकारणाशी जो संबंध आला त्याविषयी अभ्यासकांनी गांभीर्याने लिहिले आहे, आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे; परंतु तो वाद त्या मालिकेशी आहे. पुनर्दर्शनाच्या तत्त्वाशी त्याचा संबंध नाही, कारण ज्या न्यायाने ‘रामायण’ पुन्हा लागते त्याच न्यायाने गोविंद निहलानींचे ‘तमस’ही लागू शकते आणि शंकर नाग यांचे ‘मालगुडी डेज’ही, आणि ती लागावीत अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एक आक्षेप मात्र असा आहे की, तो करणाऱ्यापुढे मी आदराने थांबतो. हा आक्षेप तरुण लेखक-कलावंतांचा आहे. जुने पुन्हा लावणे वाहिनीला स्वस्त पडते. जितके तास जुन्याने भरतील तितके तास नव्याला मिळणार नाहीत. आणि ज्यांच्या श्रमावर ही पुनरावृत्ती चालते त्या नटांना आणि तंत्रज्ञांना तिचा मोबदला क्वचितच पोहोचतो. यातला मोबदल्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. 2012 साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन लेखक-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा हक्क अधिक बळकट झाला, पण कायद्यातला हक्क आणि हातात पडणारा पैसा यांत अजून अंतर आहे, आणि जुन्या मालिकांवर प्रेम करणाऱ्यांनी ते अंतर मिटवण्यासाठी सर्वांत मोठ्याने बोलले पाहिजे. जागा अडण्याचा मुद्दा मात्र इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत 1951 साली ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली तेव्हा तिचे नायक-निर्माते देसी अर्नाझ यांनी ती चित्रपटाच्या फिल्मवर चित्रित करण्याचा आग्रह धरला; नायिका लूसिल बॉल गरोदर असताना जुने भाग पुन्हा लावले गेले आणि ते लोकांना आवडले; पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय तेथे रुजला आणि त्या मिळकतीवर नव्या निर्मितीचे कारखाने उभे राहिले. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका 1966 ते 1969 या तीन हंगामांत 79 भाग होऊन बंद पडली होती. तिचे भक्त तयार झाले ते पुढे स्थानिक वाहिन्यांनी ती पुन्हा पुन्हा लावली तेव्हा, आणि त्या भक्तांमुळेच तिच्या वंशात नवे चित्रपट आणि नव्या मालिका जन्मल्या. जुन्याने नव्याची वाट अडवली असे तेथे घडले नाही.

माझी खरी तक्रार पुनःप्रक्षेपण करणाऱ्यांवर आहे, आणि ती येथे नोंदवल्याशिवाय ही कैफियत पुरी होणार नाही. चौकोनी पडद्यासाठी टिपलेले चित्र आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवले जाते, त्यामुळे सडसडीत माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. वर एका कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली सरकती पट्टी, आणि मधे नटाचा चेहरा. सर्वांत मोठा अन्याय श्रेयनामावलीचा. भाग संपतो न संपतो तोच ती कापली जाते, आणि ज्या रंगभूषाकाराने, ज्या संकलकाने, ज्या प्रकाशयोजकाने ते काम केले त्याचे नाव, जे वर्षानुवर्षांनी एकदा पडद्यावर येण्याची संधी होती, ते जाहिरातीखाली गाडले जाते. ज्या प्रेक्षकाला तुम्ही भाबडा समजता तो ही नावे वाचतो. काकू वाचत असत.

आणि जे राहिले आहे तेच पुन्हा दाखवता येते, हेही ध्यानात घ्यावे. त्या काळी फीत महाग होती; एकदा प्रक्षेपण झाले की ती पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची वहिवाट जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेने अशा रीतीने ‘डॉक्टर हू’ या आपल्याच लोकप्रिय मालिकेचे जे भाग घालवले, त्यांपैकी नव्वदहून अधिक भाग शोधाशोध करूनही अद्याप सापडलेले नाहीत. ते पुसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. एकदा पाहिलेले कोणी पुन्हा कशाला पाहील, हीच त्यांची समजूत होती, आणि ती समजूत माझ्या भाच्याच्या समजुतीची थोरली बहीण आहे. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती, आमची माणसं’, आणि चि. वि. जोशी यांच्या लेखनावरून झालेले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’, या सगळ्यांतून मराठी बोलण्याचा, मराठी घराचा, पेहरावाचा, विनोदाचा एक अख्खा कालखंड टिपला गेला होता. त्यातले जे शिल्लक असेल ते दफ्तरखान्याबाहेर काढावे, मूळ चौकटीत, नावांसह, आठवड्यातील एका ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळी सह्याद्रीवर लावावे, आणि पूर्वी ‘साप्ताहिकी’त सांगत तसे ते आधी सांगावे, एवढेच माझे मागणे आहे.

काकूंचा टीव्ही त्या वर्षीच्या जूनमध्ये दुरुस्त होऊन आला. तरीही जुनी एखादी मालिका लागली की त्या घडीची खुर्ची घेऊन गॅलरीतच येतात, फक्त आता ती उंबऱ्याच्या आत मांडतात. परवा त्यांनी मला विचारले, ‘भाऊ, ते चिमणराव लावतील का हो कधी?’ मी त्यांना चौकशी करतो म्हणून सांगितले आहे.